सर्वात खालचा कप्पा: गुडघ्याच्या फिजिओथेरपीचे बारा आठवडे

मी ग्रंथपाल आहे. आमच्याकडची रॅक सात कप्प्यांची आहेत आणि त्यातला जमिनीलगतचा सातवा कप्पा गेलं वर्षभर माझ्यासाठी बंद होता. कुणी तिथलं पुस्तक मागितलं की मी सहकाऱ्याला हाक मारायचे, "जरा खालून काढून देतोस का रे?" तो बिचारा लगेच यायचा. पण जिथं इतकी वर्षं डोळे मिटून हात पोचायचा, तिथं उभं राहून दुसऱ्याला वाकायला सांगायचं, हे मला गुडघ्याच्या कळेइतकंच लागायचं.

गुडघा उजवा, वय ५७. सकाळी उठलं की पाय धरलेला असायचा, दहा-पंधरा मिनिटं घरात फिरलं की सुटायचा. जिना चढताना दुखायचं, उतरताना जास्त. तासभर खुर्चीत बसून उठलं की पहिली चार पावलं लंगडत. अस्थिरोगतज्ज्ञांनी एक्स-रे काढला आणि कागदावर "ग्रेड २" लिहिलं. सांध्याच्या झिजेची ही मोजपट्टी केलग्रेन आणि लॉरेन्स या दोघांनी १९५७ साली मांडली, ती शून्यापासून चारपर्यंत जाते. घरी येईपर्यंत माझ्या डोळ्यांसमोर तो दोनच नाचत होता. डॉक्टरांनी मात्र एक गोष्ट आवर्जून सांगितली होती. फोटोत दिसणारी झीज आणि माणसाला होणारा त्रास यांचा मेळ बसतोच असं नाही. फोटो खराब असूनही भरभर चालणारी माणसं असतात आणि फोटो बरा असूनही जिना जड जाणारी असतात. ऑपरेशनचा विषय त्यांनी काढला नाही. "तीन महिने मनापासून फिजिओथेरपी करा, मग या," म्हणाले.

मी दोन ठिकाणी गेले. दोन्हींची नावं देत नाही, कारण मला सांगायचंय ते उपचाराबद्दल. पाटी बदलली तरी तुम्हालाही यापैकीच काहीतरी मिळणार आहे.

पहिलं ठिकाण जवळ होतं म्हणून धरलं. दहा दिवस गेले. पलंगावर आडवं व्हायचं, गुडघ्याला गरम पॅक, मग दोन्ही बाजूंना पॅड चिकटवून करंट, मग जेल लावून अल्ट्रासाउंडचं गोल टोक फिरवायचं. मुंग्या यायच्या, ऊब लागायची, बरं वाटायचं. ते बरं वाटणं संध्याकाळपर्यंत टिकायचं आणि दुसऱ्या दिवशी जिना तसाच. तिथली मुलं अदबीनं वागायची, वेळ पाळायची, जागा स्वच्छ होती. पण दहा दिवसांत मला कुणी "जरा चालून दाखवा" म्हटलं नाही. गुडघ्याला हात लागला तो जेल पुसताना. शेवटच्या दिवशी एक कागद हातात दिला, "हे घरी करा" म्हणून. त्यावर पायांची पाच चित्रं होती, कितीवेळा करायचं ते कुठंच नव्हतं.

तेव्हा मी माझ्या हातातलं काम केलं, म्हणजे वाचायला बसले. ब्रिटनमधल्या नाइस या, उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेची २०२२ सालची मार्गदर्शिका मिळाली. सांध्यांच्या झिजेसाठी टेन्स आणि इंटरफेरन्शियल (दोन्ही पॅड चिकटवून द्यायचे करंट), तसंच अल्ट्रासाउंड हे उपचार देऊ नका, फायद्याचा पुरेसा पुरावा नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय; व्यायाम मात्र प्रत्येकाला द्या, असं लिहिलंय. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये २०२० साली आलेला एक अभ्यासही वाचला. १५६ रुग्ण, निम्म्यांना गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन, निम्म्यांना फिजिकल थेरपी. वर्षाअखेर थेरपी घेतलेल्यांचं दुखणं आणि अडचण दोन्ही कमी होतं. त्याच नियतकालिकात २००२ साली आलेला त्याहून जुना अभ्यास वाचून तर मी थबकले. १८० रुग्णांपैकी काहींचा झिजलेला गुडघा दुर्बिणीनं आतून धुतला, काहींचा साफ केला, आणि काहींना नुसते छेद देऊन टाके घातले. दोन वर्षांच्या पाठपुराव्यात तिन्ही गट सारखेच. हे सगळं दहा दिवस आडवं पडण्याआधी वाचायला हवं होतं, असं मला फार वाटलं.

दुसऱ्या ठिकाणी पहिल्या भेटीला पाऊण तास लागला आणि त्यातली पाच मिनिटंही मी पलंगावर नव्हते. तिशीतली मुलगी होती. आधी तिनं मला चपला काढून खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं. मग एका पायरीवर चढ-उतर. मग कोनमापक लावून गुडघा किती वाकतो ते मोजलं: डावा १३२ अंश, उजवा ११२. सरळ करताना उजवा पाच अंश कमी पडत होता. हे मला माहीतच नव्हतं! वर्षभर मी "वाकत नाही, वाकत नाही" करत होते आणि माझा पाय पूर्ण सरळही होत नव्हता. म्हणजे उभं असताना मांडीला सतत काम, विश्रांती नाहीच. वाटीच्या वर दहा सेंटिमीटरवर टेप गुंडाळून तिनं मांडीचा घेर घेतला. उजवी मांडी दोन सेंटिमीटर बारीक. शेवटी हात छातीशी धरून खुर्चीतून ३० सेकंदांत कितीवेळा उठता येतं ते पाहिलं. आठ. साठ ते चौसष्ट वयाच्या बाईला बाराच्या खाली आलं तर ते कमी समजतात, आणि मी अजून साठीचीही नव्हते.

सगळे आकडे लिहून झाल्यावर तिनं विचारलं, "काकू, बरं होऊन तुम्हाला काय करायचंय?"

मी म्हटलं, "सर्वात खालच्या कप्प्यातलं पुस्तक काढायचंय. कशाला न धरता उठायचंय."

तिनं ते जसंच्या तसं फॉर्मवर लिहिलं. बाराव्या आठवड्यापर्यंत दर भेटीत तो फॉर्म समोर असायचा.

पहिला व्यायाम अगदी साधा. टॉवेलची घट्ट गुंडाळी करून तिनं गुडघ्याखाली ठेवली आणि ती खाली दाबायला सांगितली. मी दाबलं. पोट आवळलं, जबडा आवळला, खांदे वर गेले. तिनं दोन बोटं वाटीच्या वर, मांडीच्या आतल्या अंगाला टेकवली होती. म्हणाली, "इथं काहीच होत नाहीये. तुम्ही स्वतः हात लावून बघा." आधी डाव्या पायावर बघितलं. दाबलं की बोटांखाली दगडासारखा गोळा टणकन वर यायचा. मग उजवा. तिथं उशीसारखं मऊ. मी जीव खाऊन जोर लावत होते आणि नेमका जो स्नायू हवा तोच झोपलेला. तिनं समजावलं की गुडघ्यात सूज असली की सांध्याकडून जाणारे संदेश मांडीच्या पुढच्या स्नायूला दाबून ठेवतात. स्नायू मेलेला नसतो, त्याला हुकूमच पोचत नाही. दुखतं म्हणून आपण पाय वापरत नाही, न वापरल्यानं तो आणखी बारीक होतो, आणि मग प्रत्येक पायरीचा हिसका थेट सांध्यावर जातो. मांडीचा घेर दोन सेंटिमीटरनं का घटला ते मला त्या क्षणी कळलं.

पाच सेकंद दाबायचं, सोडायचं, दहा वेळा, दिवसातून तीनदा. चौथ्या दिवशी रात्री माझ्या बोटांखाली काहीतरी थरथरलं. इतकंच, थरथरलं. मी नवऱ्याला हाक मारून त्यांचा हात तिथं ठेवायला लावला. त्यांना काही कळलं नाही, पण मला कळलं होतं.

या सेवेतली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे तिथं शिकवलेली दुखण्याची मोजपट्टी. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहन न होणारं. व्यायाम करताना दोनपर्यंत असेल तर निर्धास्त करा, पाचपर्यंत चालेल, पाचच्या वर गेलं तर वजन किंवा वेळा कमी करा. आणि २४ तासांत दुखणं नेहमीच्या पातळीवर परत यायला हवं. त्याआधी मी प्रत्येक कळेला घाबरायचे. कळ आली म्हणजे आत काहीतरी घासून गेलं, अशी माझी समजूत होती. खरं तर कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराला, स्वतःचे मज्जातंतूच नसतात, रक्तवाहिन्याही नसतात. दुखतं ते आजूबाजूच्या हाडाचं, आवरणाचं. कूर्चेचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं आणि दाब पडून सुटत राहिला की तो द्रव आत-बाहेर होतो. "गुडघ्यातलं वंगण संपलंय, जपून वापरा" हा सल्ला मला निदान दहा जणांनी दिला होता. जपून जपूनच मांडी बारीक झाली होती.

तिसऱ्या आठवड्यात मी चूक केली. बरं वाटायला लागलं म्हणून एका रविवारी सगळे व्यायाम दुप्पट केले आणि वर लांब फेरी मारली. सोमवारी गुडघा फुगला, दुखणं सहावर. मी फोन करून विचारलं की आता थांबवू का. थांबवायचं नाही, असं उत्तर आलं: दोन दिवस फक्त टॉवेल दाबणं आणि टाच सरकवणं, मग मागच्या आठवड्याच्या निम्म्यावर. गुरुवारी गाडी रुळावर आली. मी एकटीच कागद बघून करत असते तर त्या सोमवारी सगळं सोडून दिलं असतं, याची मला खात्री आहे. घरी फुकट करता येणाऱ्या व्यायामांसाठी कुणाकडे का जायचं, असं बरेचजण विचारतात. मी त्या सोमवारासाठी गेले होते, असं सांगते.

कार्यक्रमाचा आराखडा डेन्मार्कमध्ये २०१३ साली सुरू झालेल्या ग्लॅड या, गुडघ्या-खुब्याच्या झिजेसाठीच्या कार्यक्रमाच्या धर्तीवर होता: आधी दोन माहितीची सत्रं, मग आठवड्यातून दोनदा अशी देखरेखीखालची बारा. पुढचे आठवडे घरी, मधूनमधून तपासणी. चौथ्या आठवड्यापासून खुर्चीतून उठणं-बसणं, कुशीवर झोपून रबरी पट्ट्यानं गुडघे उघडणं, पाठीवर झोपून कंबर उचलणं, पायरी चढणं. पट्टा पिवळा, मग लाल, मग हिरवा. रंग बदलला की ताण वाढतो. दहा वेळा करून दम शिल्लक राहिला तर पुढच्या वेळी ताण वाढवायचा, हे तत्त्व. डिलॉर्म नावाच्या अमेरिकी लष्करी डॉक्टरांनी दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांच्या मांडीचे स्नायू असेच, हळूहळू वजन वाढवत परत उभे केले आणि १९४५ साली ती पद्धत लिहून काढली. मी रोजचे आकडे एका जुन्या दाखल नोंदवहीच्या कोऱ्या पानांवर लिहीत गेले: तारीख, व्यायाम, वेळा, पट्ट्याचा रंग, आधीचं दुखणं, नंतरचं दुखणं. सवयीचा हात, रकाने आपोआप आखले गेले.

सातव्या आठवड्यात तिनं मला आरशासमोर छोट्या पायरीवर एका पायावर उभं केलं आणि दुसरी टाच हळूच जमिनीला टेकवायला सांगितली. टाच खाली जाऊ लागली तसा माझा उजवा गुडघा आतल्या बाजूला, डाव्या पायाकडे कलला. मी सरळच उतरतेय असं मला वाटत होतं. "हे गुडघ्याचं नाही, खुब्याचं," ती म्हणाली आणि नितंबाच्या बाजूच्या स्नायूवर बोट ठेवलं. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवून उतरायला मला बारा दिवस लागले. तेराव्या दिवशी ऑफिसचा जिना उतरताना माझा हात कठड्यावर नव्हता, हे खाली पोचल्यावर लक्षात आलं.

काठीचंही सांगते. गुडघा फुगला होता त्या दोन दिवसांत मी सासूबाईंची काठी घेतली आणि अर्थातच उजव्या हातात धरली, दुखरा पाय उजवा म्हणून. तिनं काठी काढून डाव्या हातात दिली. काठी विरुद्ध हातात धरायची असते, म्हणजे दुखऱ्या पायावर भार येतो त्याच वेळी ती पुढे टेकते. दोन पावलांत फरक कळला. सासूबाई गेली कित्येक वर्षं चुकीच्या हातात धरत होत्या, त्यांनाही घरी येऊन दाखवलं.

वजनाचा विषय तिनं फक्त एकदा काढला आणि फार नीट काढला. २००५ साली छापलेल्या एका अभ्यासात दिसलंय की वजन एक किलो उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोनं उतरतो. बास, एवढंच. "कमी करायलाच हवं", "या वयात" असलं काही नाही. माझं तीन किलो उतरलं.

आता खटकलेल्या गोष्टी. पाचव्या आठवड्यात माझी फिजिओ बदलली. मला आधी सांगितलं नाही आणि नव्या मुलीनं जुना कागद बघून मला पुन्हा टॉवेलवर बसवलं. माझी नोंदवही दाखवली तेव्हा कुठं गाडी पुढं गेली. दोन आठवड्यांनी पहिली परत आली म्हणून बरं. पण ज्याच्याकडे नोंदवही नसेल त्याचे ते दोन आठवडे वाया जाणार. संध्याकाळच्या वेळी एका फिजिओकडे तीन-तीन रुग्ण असतात. माझी पाठ वाकतेय हे दोनदा मीच आरशात पाहिलं. मी वेळ बदलून सकाळची घेतली. घरी दिलेल्या कागदाची झेरॉक्स इतकी फिकी की डावा पाय कुठला आणि उजवा कुठला ते कळत नव्हतं. आणि बाहेरच्या काउंटरवर प्रत्येकाला गुडघ्याची कॅप घ्यायचा आग्रह. मी घेतली, गर्दीच्या दिवशी घातली, उबदार वाटली. आतल्या फिजिओनं मात्र सरळ सांगितलं की कॅपनं स्नायू वाढणार नाही, नाही घातली तरी चालेल. आत एक आणि काउंटरवर दुसरं, हे मला अजिबात आवडलं नाही. मी तसं लिहून दिलंय.

बाराव्या आठवड्याचे आकडे: उजवा गुडघा १२६ अंश वाकतो, पूर्ण सरळ होतो. मांडीच्या घेरातला फरक एक सेंटिमीटरवर आला. खुर्चीतून ३० सेकंदांत चौदा वेळा. दुखणं बहुतेक दिवशी एक, जास्त चाललं तर तीन. कटकट आवाज अजून येतो, आणि त्यासोबत दुखत नसेल तर त्याची काळजी करायची नाही, असं सांगितल्यापासून मी त्याकडे लक्ष देणं सोडलंय. झीज गेलेली नाही, ती जाणार नव्हतीच. गोळी मात्र शेवटची कधी घेतली ते नोंदवहीत बघावं लागेल.

गुडघा मध्येच अडकत असेल, अचानक दगा देऊन पाय मुडपत असेल, गरम आणि लाल होऊन ताप आला असेल, पायावर उभंच राहता येत नसेल किंवा पोटरी सुजून दुखत असेल, तर व्यायामाच्या नादाला लागू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. माझ्याच वेळेला येणाऱ्या एका गृहस्थांना पहिल्याच तपासणीत असंच परत पाठवलं होतं आणि त्यांना त्याचा फार राग आला होता. मला ते बघून त्या जागेबद्दलचा विश्वास वाढला.

पाचपैकी चार तारे. एक तारा फिजिओ न सांगता बदलल्याबद्दल आणि काउंटरवरच्या कॅपबद्दल कापला. पहिल्या ठिकाणाला दोन, तेही स्वच्छतेसाठी आणि वेळ पाळण्यासाठी.

दहाव्या आठवड्यातल्या मंगळवारी एका विद्यार्थिनीनं शब्दकोशाचा तिसरा खंड मागितला. सहकारी दुसऱ्या मजल्यावर होता. मी रॅकसमोर उभी राहिले, उजवा पाय पुढे, डावा मागे, डावा गुडघा हळूच जमिनीला टेकवला, खंड काढून छातीशी धरला आणि पुढच्या टाचेवर भार देत वर आले. एक हात पुस्तकाखाली, दुसरा पुस्तकावर. नोंदवहीत त्या दिवसाच्या ओळीत "वेळा: १, दुखणं: २" असं लिहिलंय.